वरच्या मजल्याचा पत्ता

जळगावच्या मे महिन्यात दुपारी एकनंतर स्लॅबखाली बसून काम करता येत नाही. करणारे करतात, पण मग प्रूफातले काना-मात्रा दिसेनासे होतात. आमचं घर पूर्वी धाब्याचं होतं, तळाच्या भिंती अजून हात-दीड हात जाडीच्या आहेत. त्यांच्या आधाराने आणि वाळ्याच्या कूलरवर खाली दुपार निभते. वरची खोली नंतरची. मागच्या अंगाला कॉलम उभे करून काढलेली आणि तिन्ही बाजूंनी उन्हात. माझा कामाचा संगणक नेमका तिथे. डीटीपीचं सगळं त्याच्यावर चालतं: पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, अधूनमधून एखाद्या निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्र. मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर त्या यंत्रात आहे आणि त्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे डोंगल, यंत्राच्या पाठीला खोचलेलं आहे. यंत्रच खाली आणावं तर खाली अण्णांची, माझ्या सासऱ्यांची, खाट, औषधांचं टेबल, त्यांना भेटायला येणारी माणसं. लॅपटॉप मात्र मांडीवर मावतो. तेव्हा अण्णांपाशी बसायचं आणि लॅपटॉपवरून वरचा संगणक चालवायचा, एवढीच इच्छा होती. मध्ये अंतर एका जिन्याचं.

विंडोजमधली ही सोय, रिमोट डेस्कटॉप, नवी नाही. 1998 साली विंडोज एनटी 4.0 ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती निघाली तेव्हा ती आली. 2001 मध्ये एक्सपी प्रोफेशनलबरोबर ती साध्या टेबलावरच्या संगणकातही उतरली. एक अट मात्र तेव्हापासून आजतागायत तशीच आहे. होम नावाची जी स्वस्त आवृत्ती असते तिच्यावरून दुसऱ्या संगणकावर जाता येतं, पण दुसऱ्या कुणाला तिच्यावर येता येत नाही. सेटिंगमध्ये ती कळच दाबू देत नाहीत. कितीतरी लोक इथेच अडकतात आणि राउटरला शिव्या देत बसतात. माझ्या वरच्या यंत्रात जोडणाऱ्या दुकानदाराने प्रो आवृत्ती घातली होती. खालच्या लॅपटॉपवर होम आहे. त्याला फक्त जायचं असल्यामुळे ते चालतं.

तरी जोडणी होईना. अशा वेळी विंडोज जो निरोप देतं तो ज्याने वाचलाय त्याला पाठच असतो. दूरच्या संगणकाशी जोडता येत नाही. कारण एक तर तिथे रिमोटची परवानगी दिलेली नाही, किंवा तो संगणक बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर उपलब्ध नाही. तीन कारणं, आकडे घालून, एकाखाली एक. वाचताना धीर येतो. मग लक्षात येतं की या तिघांत जगातल्या बहुतेक शक्यता बसतात, आणि आपली कोणती ते यातून कळत नाही. निरोप लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. लॅपटॉपने साद घातली, पलीकडून काही ऐकू आलं नाही, एवढंच त्याला ठाऊक असतं. न आलेल्या उत्तराचं कारण तो कुठून सांगणार?

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला याच कामात आहे. फोन केला तर त्याने पहिला प्रश्न विचारला तो मला सुरुवातीला विचित्रच वाटला.

“मामी, ते लगेच नाही म्हणालं, की बराच वेळ घेऊन नाही म्हणालं?”

“म्हणजे?”

“म्हणजे बटण दाबल्या दाबल्या नकार आला, की आधी फिरत बसलं?”

फिरत बसलं होतं. तो म्हणाला, मग वाईट. झटकन आलेला नकार ही या धंद्यात आनंदाची बातमी असते, कारण नकार देणारं कुणीतरी तिथे आहे एवढं तरी ठरतं. ज्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही तिथे जोडणी मागितली, की पलीकडचं यंत्र स्वतःच एक छोटा निरोप पाठवून विषय संपवतं. फायरवॉल मात्र आलेली मागणी नुसती टाकून देते; हो नाही, ना नाही. मग अलीकडचं यंत्र पुन्हा विचारतं, थांबतं, पुन्हा विचारतं आणि शेवटी थकून तीन कारणांची यादी वाचून दाखवतं. रिमोट डेस्कटॉप 3389 या पोर्टवर ऐकत असतो. या पोर्टवरून काहीच न येणं आणि नकार येणं यांत फरक आहे, आणि काहीच न येण्याचेही पुन्हा प्रकार आहेत. आमच्या घरातलं हे दुखणं काढताना मी शिकले ते मुख्यतः हे प्रकार ओळखायला.

“आधी दोघांचे पत्ते वाच,” भाचा म्हणाला. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहायचं आणि आयपीव्ही4 समोरचा आकडा वहीत उतरवायचा. खालचा आला 192.168.1 ने सुरू होणारा. वर जाऊन पाहिला तर तो 192.168.0 ने सुरू होणारा. मला दोन्ही सारखेच वाटले. फोनवर मात्र पलीकडून “अच्छा!” असा उद्गार आला, निदान सापडलेल्या डॉक्टरचा.

हे 192.168 प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. इंटरनेटचे जुने पत्ते 32 बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे 429 कोटी. माणसं आठशे कोटींच्या वर आणि एकेका माणसामागे फोन, टीव्ही, लॅपटॉप. आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणारी संस्था, एपनिक, 2011 च्या एप्रिलमध्ये आपल्या कोठीतल्या शेवटच्या राखीव गठ्ठ्याला येऊन टेकली. ही तूट येणार हे आधीच दिसत होतं, म्हणून 1996 मध्येच काही आकडे घरगुती वापरासाठी कायमचे बाजूला काढून ठेवले गेले होते: 10 ने सुरू होणारे, 172.16 ते 172.31 पर्यंतचे आणि 192.168 चे. हे कुणीही वापरावेत, परवानगी नको. बाहेरच्या रस्त्यावर मात्र ते चालणार नाहीत. जुन्या वाड्यात पोस्टमनला एकच पत्ता ठाऊक असे, आणि आत कोणत्या बिऱ्हाडाचं पत्र कुठे द्यायचं ते दिंडीदरवाजात बसलेला माणूस बघत असे. राउटर तेच करतो. माझा लॅपटॉप बाहेर काही मागायला गेला, की कोण गेलंय हे राउटर टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्याच्याकडे पोचवतो. पण बाहेरून कुणी न बोलावता आला आणि म्हणाला, मागच्या खोलीतल्याला भेटायचंय, तर राउटर त्याला ओळखत नाही.

आमच्या घरात असे दोन राउटर निघाले. फायबर बसवायला आलेल्या मुलाने पुढच्या खोलीत एक डबा लावला होता, वायफायसकट. त्याचं वायफाय जाड भिंतींतून वर पोचेना, म्हणून त्यानेच काही महिन्यांनी वर दुसरा डबा आणून बसवला आणि दोघांमध्ये केबल ओढली. “रेंज येईल,” म्हणाला. रेंज आली. पण वरचा डबाही राउटरच होता आणि तो आपल्यापुरता वेगळा कारभार करत होता: वेगळे पत्ते, वेगळी नोंदवही. वरच्या संगणकाच्या दृष्टीने खालचं सगळं घर हे ‘बाहेर’ होतं. गंमत अशी की वरून खाली सगळं दिसतं. वरच्या यंत्रावरून खालच्या डब्याला हाक मारली की लगेच ओ मिळते, कारण बाहेर जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. खालून वर मारलेली हाक मात्र खालच्या डब्यातून सरळ इंटरनेटच्या दिशेने निघून जाते, कारण 192.168.0 हा पत्ता आपल्याच घरात आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बाहेरच्या रस्त्यावर हा पत्ता चालत नाही, तेव्हा हाक वाटेत कुठेतरी टाकून दिली जाते. जिन्याच्या पलीकडे जाऊ पाहणारी माझी साद जळगाव सोडून निघाली होती.

दोन्ही मजल्यांवर वायफायच्या पट्ट्या भरलेल्या, दोन्हीकडे व्हिडिओ चालतो, बिलं भरली जातात. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही. आज हजारो घरांत असे दोन-दोन डबे असतील. इंटरनेट वापरणाऱ्याला काही फरक पडत नाही. घरातल्या घरात काही न्यायचं झालं, वरच्या संगणकावरून खालच्या प्रिंटरवर छापायचं किंवा उलट खालून वरच्या प्रिंटरवर छापायचं झालं, की मग एक बाजू जमते आणि दुसरी जमत नाही, आणि माणूस प्रिंटरवर संशय घेतो.

इलाज सोपा आहे. वरच्या डब्याचा राउटरपणा काढून घ्यायचा. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं; त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या डब्याच्या रांगेतला पण त्याच्याहून वेगळा द्यायचा; आणि खालून आलेली केबल ‘वॅन’ लिहिलेल्या भोकातून काढून ‘लॅन’ लिहिलेल्या एका भोकात घालायची. मग तो नुसता वायफाय पसरवणारा डबा उरतो. काही डब्यांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ म्हणून एकच कळ असते. त्याच बैठकीत खालच्या डब्यात वरच्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला, नाहीतर एरवी राउटर पत्ता मुदतीवर देतो आणि मुदत सरली की दुसराही देऊ शकतो. मग काल जोडलेली जोडणी आज सापडत नाही.

पत्ते एका रांगेत आले. जोडणी तरीही नाही. पण शांतता आता वेगळी होती, आणि माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग.

पिंग हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने 1983 च्या डिसेंबरमध्ये लिहिला. तो अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत होता. पाणबुड्या आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून नाव. म्यूसने एका नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून ऐकून सांगितलेली एक हकीकत मला फार आवडते. त्या माणसाच्या इमारतीत नेटवर्क मध्येच तुटायचं, मध्येच जुळायचं. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर आवाजात बदलण्याची व्यवस्था केली, तो आवाज कचेरीतल्या स्टिरिओला जोडला आणि मोठा केला. यंत्र सेकंदाला एकदा ओरडत राहिलं, पिंग, पिंग, पिंग. आणि हा इमारतभर फिरत एकेक केबलचं टोक हलवून पाहत राहिला. जिथे हलवल्यावर आवाज थांबला, तिथे दोष. म्यूस पुढे 2000 साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याचा तो छोटा प्रोग्राम प्रत्येक विंडोजमध्ये, प्रत्येक लिनक्समध्ये आहे.

माझ्याकडे स्टिरिओ नव्हता, अण्णा होते. पिंग चालू ठेवून मी वर जायची आणि अण्णांना पडद्याकडे बघायला सांगायची. “काय लिहून येतंय, अण्णा?” अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झाले, वाचन चोख. ते खाटेवरून मोठ्याने वाचायचे, “रिक्वेस्ट टाइम्ड आउट. पुन्हा तेच. पुन्हा तेच.” आणि एकदा, मी वरची केबल काढली होती तेव्हा, “आता बदललं. डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल.”

दोन्हीचा अर्थ सामान्य माणसाला एकच वाटतो: गेलं नाही. पण एकाच घरगुती नेटवर्कवर हे दोन वेगळे निरोप आहेत. पत्त्याच्या आकड्यावर पत्र जात नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक 48 बिटांचा क्रमांक मिळालेला असतो, आणि प्रत्यक्ष पोचवणी त्या क्रमांकावर होते. म्हणून पिंग करण्याआधी लॅपटॉप सगळ्या घराला विचारतो, अमुक पत्ता कुणाचा, त्याने आपला क्रमांक सांगा. या विचारपुशीचा नियम 1982 सालचा आहे, नाव एआरपी. याला कुणीच उत्तर दिलं नाही तर पुढे पाठवायचं कुणाला? मग लॅपटॉप स्वतःच स्वतःला सांगतो, होस्ट अनरीचेबल. नीट वाचलं तर त्या ओळीत पत्ता लॅपटॉपचा स्वतःचाच असतो. वरचं यंत्र बंद आहे, झोपलंय किंवा केबल निघालीय. उलट ‘टाइम्ड आउट’ आलं याचा अर्थ विचारपुशीला उत्तर मिळालं होतं, क्रमांक कळला होता, पुढची हाक मात्र कुणीतरी गिळली. हे ताडून पाहायला एआरपी -ए अशी आज्ञा द्यायची. यादीत वरच्या यंत्राचा क्रमांक दिसला, की ते जागं आहे. फायरवॉल त्याला पिंगला उत्तर देऊ देत नाही, रिमोटला देऊ देत नाही, पण एआरपीला गप्प बसवत नाही, कारण तेही बंद केलं तर ते यंत्र घरात कुणाशीच बोलू शकणार नाही. पूर्ण गप्प राहून नेटवर्कवर हजर राहता येत नाही. हे कळलं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, एखाद्या गुप्तहेर कादंबरीतला दुवा हाती लागल्यासारखा आनंद झाला.

यादीत क्रमांक होता. म्हणजे वर कुणीतरी जागं होतं आणि मुद्दाम बोलत नव्हतं. विंडोजची फायरवॉल बघितली तर तिच्यात रिमोटला परवानगी होती. बोलू न देणारं निघालं ते संगणकाबरोबर घेतलेल्या अँटिव्हायरसचं पॅकेज. त्याची स्वतंत्र फायरवॉल असते, आणि नेटवर्क बदललं की तिला ते नवं, अनोळखी वाटतं. राउटरचा घोळ निस्तरल्यावर तिने आमच्या घराची नोंद ‘सार्वजनिक ठिकाण’ अशी करून टाकली होती. भुसावळ जंक्शनच्या फलाटावर ज्या बंदोबस्ताने वागावं, त्याच बंदोबस्ताने ती वरच्या खोलीत वागत होती. तिथे ‘घरगुती’ निवडलं. मग पॉवरशेलमध्ये 3389 पुरतीच चाचणी घेतली, शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ उमटलं.

राहिला पासवर्ड, त्याचं थोडक्यात सांगते. वरच्या यंत्राला पासवर्डच नव्हता. घरात कोण चोरणार, म्हणून. समोर बसणाऱ्याला विंडोज असं आत घेतं, पण पासवर्ड नसलेल्या खात्यावर लांबून येऊ देत नाही. नुसता चार आकड्यांचा पिन असेल तर तोही लांबून चालत नाही. खात्याचा खरा पासवर्डच लागतो. मला हा भेद पटतो. एक्सपीच्या काळात जोडणी मागणाऱ्या कुणालाही आधी पडदा दिसायचा आणि मग नाव विचारलं जायचं. व्हिस्टापासून आधी ओळख पटवायची सोय आली, पडदा नंतर. 2019 च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची फट उघडी पडली तेव्हा या क्रमाचं महत्त्व कळलं: पासवर्ड न देताच जुन्या यंत्रांत शिरता येईल अशी ती फट होती, आणि एक्सपीची देखभाल 2014 मध्येच थांबवली असूनही मायक्रोसॉफ्टने त्याच्यासाठी पुन्हा दुरुस्ती काढली.

आणि मग खालच्या मांडीवर वरचा पडदा आला.

9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी सभागृहात बसून सुमारे 48 किलोमीटर लांब मेन्लो पार्कमधला संगणक चालवून दाखवला होता. माऊस जगाने पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. पलीकडे बसलेले सहकारी बिल पॅक्स्टन आणि ते एकाच पडद्यावर काम करत होते, मध्ये मायक्रोवेव्हची जोडणी होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते असं सांगतात. आमच्याकडे टाळ्या नाही, आरडाओरडा झाला. नवरा नेमका वर बसून विजेचं बिल भरत होता. मी आत शिरताच त्याच्यासमोरचा पडदा कुलूपबंद झाला, कारण साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकालाच बसता येतं, आणि आम्ही दोघं एकाच खात्यावर. त्याने पासवर्ड विचारला, पासवर्ड तर मी तासाभरापूर्वीच घातलेला. मग त्याने वरून आत शिरून मला बाहेर काढलं. असं दोन-चारदा झाल्यावर त्याचं वेगळं खातं उघडलं. आता मी आत यायला लागले की त्याच्या पडद्यावर आधी विचारणा होते.

यातून सुटलो तर डोंगल. मराठी फाँटचं सॉफ्टवेअर उघडायला गेले, त्याने डोंगलकडे पाहिलं, डोंगल जागेवर होतं, तरी म्हणालं, रिमोट सत्रात चालणार नाही. हा नकार समजून-उमजून लिहिलेला आहे. एक डोंगल एका मोठ्या सर्व्हरला लावायचं आणि दहा ऑपरेटरांनी दहा टेबलांवरून वापरायचं, अशी हुशारी लोक करतील, ही बनवणाऱ्यांची भीती. लोकांनी ती केलीही असेल. पण माझ्या बाबतीत माणूस एक, यंत्र एक, डोंगल एक, आणि तरी मी संशयित. सुदैवाने ही तपासणी फक्त सॉफ्टवेअर सुरू होतानाच होते. सकाळी ऊन चढायच्या आत वर जायचं, ते उघडायचं, तसंच ठेवून खाली यायचं आणि खालून ते सत्र ताब्यात घ्यायचं. मग ते काही विचारत नाही. रात्री विंडोज अपडेटने यंत्र पुन्हा चालू झालेलं असेल तर पुन्हा वर.

काम कसं होतं? चांगलं होतं, बहुतेक वेळा. जाड भिंतीच्या आड वायफाय क्षीण झालं की मात्र कळफलक आणि अक्षर यांच्यात फट पडते. जुन्या फाँटांत टंकलेखन यंत्राच्या चालीने लिहावं लागतं, ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून. ‘किसन’ लिहायचं तर आधी वेलांटी उमटते आणि क्षणभर तशीच लटकते, खाली कुणी नसताना. मग क येतो आणि तिच्याखाली उभा राहतो. हात सवयीने पुढे गेलेले असतात, डोळे मागे. लग्नपत्रिकेतल्या नावांच्या रांगेत हे मला चालत नाही. तिथे मी लांब केबल लावून बसते.

झोपेचाही एक उपाय आहे. वरचं यंत्र अर्ध्या तासाने झोपी जायचं आणि अण्णांच्या भाषेत ‘अनरीचेबल’ व्हायचं. झोपलेल्या यंत्राचं नेटवर्क कार्ड मात्र, केबल लावलेली असेल तर, किंचित जागं राहू शकतं. बायोसमध्ये तशी परवानगी द्यावी लागते. ते काही वाचत नाही, फक्त एकाच निरोपाची वाट पाहतं: आधी सहा बाइट सगळे एफएफ, आणि मग त्याचाच 48 बिटांचा क्रमांक लागोपाठ सोळा वेळा. 102 बाइट. इंग्रजीत याला मॅजिक पॅकेट असं भपकेबाज नाव आहे. प्रत्यक्षात ती एकाच नावाने सोळा वेळा मारलेली हाक. चुकून कुणी इतक्यांदा माझं नाव घेणार नाही, हा त्यामागचा हिशोब. वायफायवर हे सहसा जमत नाही. वीज गेली तर तर नाहीच: खालचा डबा आमच्या इन्व्हर्टरवर आहे, वरची खोली नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज जाणं ठरलेलं.

बाहेरगावाहूनही येता यायला हवं, असं नवऱ्याला वाटतं. राउटरमध्ये 3389 बाहेरच्यांसाठी उघडून देण्याचा सल्ला त्याला कुणीतरी दिला होता. भाच्याने फोनवरच हात जोडले असावेत. हे पोर्ट उघडं दिसलं की जगभरातून यंत्रं येऊन पासवर्ड ठोकत बसतात, रात्रंदिवस. शिवाय आमच्या कंपनीने घराला खरा सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही. बाहेरच्या बाजूला 100.64 च्या रांगेतला पत्ता दिसतो, म्हणजे आमच्या राउटरच्या वर कंपनीचा आणखी एक राउटर. रांग ह्याच कामासाठी 2012 मध्ये राखून ठेवलेली. तेव्हा उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही, आणि या बाबतीत मी कंपनीची ऋणी आहे.

अण्णांना मात्र मी एक गोष्ट वेगळी सांगून ठेवली आहे. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, एखादं ॲप घ्यायला सांगतात, त्यातला नऊ आकडी क्रमांक विचारतात. 2019 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने याबद्दल बँकांना सावधही केलं होतं. मी एवढी खटपट करून जे मिळवलं ते तो माणूस एका क्रमांकावर मिळवतो, कारण त्याच्यासाठी आतलाच माणूस कडी काढतो; अशा ॲपला राउटर, फायरवॉल काहीच आड येत नाही, दोन्ही बाजू आतून बाहेर जातात आणि बाहेरच्या एका सर्व्हरवर भेटतात. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सातबाऱ्यावर नाव चढवून घेणारे असेच यायचे, गोड बोलत.

आता पुढचा प्रश्न वरच्या यंत्राचाच आहे. विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. त्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज 11 ला चालत नाही, आणि नवं यंत्र घ्यावं तर डोंगलचा ड्रायव्हर त्यावर चालेल याची हमी कुणी देत नाही. भाचा म्हणतो, खालच्या डब्यात त्या एका यंत्राचं इंटरनेट तोडून टाक. घरातल्या घरात राहू दे, बाहेर नको. तशी सोय डब्यात आहे. पण पत्रिकांचे मजकूर व्हॉट्सॲपवरून थेट त्याच यंत्रावर येतात. ते आता लॅपटॉपवर उतरवायचे आणि रिमोटमधून वर न्यायचे; जोडताना ‘स्थानिक ड्राइव्ह’वर खूण केली की लॅपटॉपची डिस्क वरच्या पडद्यावर दिसते म्हणतात. तिथे खूण केली आहे. डिस्क अजून दिसलेली नाही, आणि निरोप काहीच नाही.